यकृतावरील डाग व चुंबकाची साक्ष

पोटदुखीसाठीं किंवा पित्ताशयांतील खड्यांच्या शंकेनें सोनोग्राफी करण्याचा प्रसंग हल्लीं पुष्कळ कुटुंबांत येतो. अशा वेळीं अहवालांत ‘यकृतावर डाग’ एवढें वाचलें, कीं घरांतील मंडळींच्या तोंडचें पाणी पळतें. तो कर्करोगच, असें धरून कोणी ही गोष्ट रोग्यापासून लपवितात, तर कोणी तो कागद कपाटांत टाकून स्वस्थ बसतात. हे दोन्ही मार्ग आम्हांस घातक वाटतात. म्हणून अशा प्रसंगीं एम्. आर्. आय्. ही तपासणी काय सांगूं शकते, तें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

आपल्या शरीरांतील पाणी व मेद यांत हायड्रोजन विपुल असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत त्याची अणुकेंद्रें रेडिओलहरींस उत्तर देतात, हें ब्लॉक व पर्सेल यांनीं १९४६ सालीं स्वतंत्रपणें दाखविलें. त्यावरून चित्र उमटविण्याची युक्ति लॉटरबर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केली. २००३ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस व मॅन्सफील्ड यांस मिळालें. या तपासणींत क्ष-किरण मुळींच नसतात.

यकृताचें सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडील पोर्टल शिरेंतून येतें, उरलेलें रोहिणींतून. यकृतांतच उद्भवणाऱ्या कर्करोगाची गांठ मात्र मुख्यतः रोहिणीवर पोसते. म्हणून हाताच्या शिरेंतून गॅडोलिनियमयुक्त औषध टोंचलें, कीं ती गांठ बहुधा प्रथम उजळते व पुढें भोंवतालच्या यकृताहून काळवंडते. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गांठ, म्हणजे हिमँजिओमा, बहुधा कडेकडून आंत भरत जाते व उजळच राहते. पाण्याची साधी पुटी औषध घेतच नाहीं. ज्यांस यकृतकाठिण्य किंवा जुनाट हिपॅटायटिस ‘बी’ आहे, त्यांच्यांत कर्करोगाचीं लक्षणें चित्रांत स्पष्ट दिसलीं, तर पुष्कळदां सुईनें तुकडा काढण्यावांचूनही निदान होतें. इतरांत तुकडा तपासण्याची गरज पडूं शकते.

आतां लपवालपवीविषयीं. या तपासणींत रोग्यास वारंवार श्वास रोखून निश्चल पडावें लागतें. हृदयाचा पेसमेकर, शरीरांतील धातूचा तुकडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण यांविषयीं त्यानेंच आधीं सांगावयाचें असतें. ज्यास कांहींच कळूं दिलें नाहीं, तो सहकार्य तरी कसें करणार? मंगळसूत्र, बांगड्या वगैरे बाहेरच काढून ठेवावीं, व जुने अहवाल बरोबर न्यावेत. डाग वाढला कीं तसाच आहे, हें त्यांवरूनच उमगतें.

यकृतकाठिण्य असलेल्यांनीं, आणि जुनाट हिपॅटायटिस ‘बी’ असलेल्यांपैकीं ज्यांस वैद्य सांगतील त्यांनीं, दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी, व घरांतील मुलांस ‘बी’ची लस चुकूं देऊं नये. भीतीनें डाग पुसला जात नाहीं. वेळीं केलेली परीक्षा मात्र अनेक घरांची चिंता मिटविते, व कांहीं घरांत प्राण वांचविते.