फोटो काढण्यास सक्त मनाई

होमाई व्यारावाला यांनी काढलेला एक फोटो आहे. दिल्लीच्या पालम विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच इंग्रजी पाटी आहे : फोटो काढण्यास सक्त मनाई. पाटी आपलं काम करतेय, पंतप्रधान आपल्या जागी आहेत आणि फोटो तर निघालेला आहे!

आता त्या पाटीवर अंगठा ठेवून बघा. उरतात ते नुसते नेहरू, आणि नेहरूंचे फोटो काय, ढिगाने आहेत.

अंगठ्याची ही परीक्षा आमच्या सरांची. मी फोटोग्राफी शिकते. वर्गात प्रिंट टेबलावर मांडली की सर आधी काही बोलत नाहीत, नुसता अंगठा टेकवतात. कधी कोपऱ्यातल्या झाडावर, कधी विजेच्या खांबावर, कधी थेट चेहऱ्यावर. झाकूनही फोटोचं काही बिघडलं नाही, तर ती गोष्ट तिथे उगाचच आली होती. आणि कुठेही झाकलं तरी काहीच बिघडत नसेल, तर पुढची प्रिंट घ्यायची.

गाजलेल्या फोटोंवर हाच अंगठा फिरवत गेले, तसं माझं एक मत बनत गेलं. मनात रुतून बसणाऱ्या फोटोत बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात आणि त्यांचं आपसांत काहीतरी चाललेलं असतं. भांडण, थट्टा, नक्कल, नाहीतर एकीने दुसरीकडे साफ दुर्लक्ष करणं. उजेड, लेन्स, कॅमेऱ्याची किंमत हे सगळं त्यानंतर.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागचा १९३२ सालचा फोटो प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, त्याची टाच पाण्याला टेकायला जेमतेम बोटभर अंतर उरलंय. सगळे जण त्या टाचेबद्दलच बोलतात. पण मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे, त्यातली नर्तकीही अशीच हवेत झेपावलेली आहे. या गृहस्थांना पत्ताही नाही, पण मागे त्यांची नक्कल चाललेली आहे! हा फोटो फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढलेला. फटीत लेन्स जेमतेम शिरत होती आणि उडी मारणारा माणूस आपल्याला नीट दिसतही नव्हता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. आपले फोटो कुणी कापू नयेत याबद्दल ते फार काटेकोर होते, पण या फोटोची कड मात्र त्यांना कापावी लागली. म्हणजे नशिबाचाही वाटा होताच. फक्त ते त्या फटीशी जाऊन उभे राहिले होते, आणि तेवढं नशिबावर सोडता येत नाही.

‘रूल ऑफ थर्ड्स’बद्दल फार बोलत नाही, मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या रेघा आखूनच येतात. मजा एवढीच की हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसंबंधीच्या पुस्तकात मांडला, तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेला एकही फोटो जगात नव्हता. त्याने फ्रेम नीटनेटकी होते, पण नीटनेटक्या फ्रेमा विसरल्याही तितक्याच लवकर जातात.

रघू राय यांचा चर्चगेट स्थानकाचा १९९५चा फोटो आठवा. प्लॅटफॉर्मवरची गर्दी धुरासारखी वाहतेय, एकाही माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, आणि त्या लोंढ्याच्या मधोमध काही जण बाकावर बसून निवांत पेपर वाचताहेत. इथे तंत्र कामाला आलंय. शटर सेकंदाच्या २५०व्या भागापुरतं उघडलं, तर चालणारा माणूस जागच्या जागी थिजतो. तेच पाव-अर्धा सेकंद उघडं ठेवलं की चालणारे फराटे होतात आणि बसलेले मात्र स्पष्ट राहतात. वेगवान शटरने काढला असता, तर तो गर्दीचा फोटो झाला असता. शटर लांबवल्यामुळे गर्दी आणि पेपरवाचक अशा दोन बाजू पडल्या. अंगठा पेपरवाल्यांवर ठेवा, उरतो तो नुसता हललेला फोटो.

ज्या फोटोशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तो आपल्या पुण्यातला. ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ साली गांधीजींचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की आधी सूत कातायला शिका, मग फोटो. त्या शिकल्या. फ्लॅशचे बल्ब वापरायची परवानगी मिळाली फक्त तीन. त्यातले दोन वाया गेले आणि तिसऱ्यावर हा फोटो निघाला. हकीकत रंजक आहे, सगळीकडे तीच सांगितली जाते. पण फोटोत नेमकं काय आहे? पुढ्यात चरखा, कॅमेऱ्याच्या इतका जवळ की तो माणसापेक्षा मोठा दिसावा. त्याच्यामागे जमिनीवर बसलेले उघड्या अंगाचे गांधीजी. आणि ते सूत कातत नाहीयेत! चष्मा लावून हातातला कागद वाचताहेत. चरखा थांबलेला, वाचन चालू. हात चरख्यावर असते, तर तो प्रचारपत्रकावरचा फोटो झाला असता. इथे दोघे घरातल्या जुन्या माणसांसारखे आहेत, एकमेकांशी न बोलता एकाच खोलीत.

शिवाय खिडकीचा उजेड मागून येतो. अशा वेळी कॅमेऱ्याचं मीटर हमखास चुकतं, कारण जे दिसेल त्याची सरासरी काढून सगळं मधल्या राखाडी छटेवर आणायचं, एवढंच त्याला कळतं. खिडकी सांभाळली की माणूस काळा पडतो, माणूस सांभाळला की खिडकी फटफटीत पांढरी होते. बल्बचा हट्ट होता तो एवढ्याचसाठी.

या फोटोची पुढची गोष्टही सरांच्या अंगठ्याला पुरून उरते. १९४६ साली ‘लाइफ’ने तो निसर्गोपचारांवरच्या एका लेखाबरोबर अगदी छोटा छापला. मोठा छापला गेला तो फेब्रुवारी १९४८मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर. निगेटिव्ह तीच, पण आता थांबलेल्या चरख्याकडे पाहणाऱ्याला जे माहीत होतं, ते आधीच्या वाचकाला माहीत नव्हतं. काही फोटोंमधली दुसरी गोष्ट फ्रेममध्ये नसतेच, ती बघणारा घेऊन येतो.

एरवी मात्र ती फ्रेममध्येच लागते, म्हणूनच मोबाइलच्या ‘पोर्ट्रेट मोड’शी माझं फारसं जमत नाही. तो मागचं सगळं मऊ धुकट करून टाकतो. चेहरा उठून दिसतो खरा, पण त्या चेहऱ्याचं जिच्याशी काही चाललं असतं, तीच गोष्ट पुसली जाते. आमच्या वर्गात यावरून खडाजंगी होते आणि समोरचे लगेच गौतम राजाध्यक्षांचं नाव घेतात. बरोबरच आहे. त्यांच्या पोर्ट्रेट्समध्ये मागे काहीच नसलं तरी चालतं. पण तिथे उजेड आणि सावली एकाच चेहऱ्यावर समोरासमोर येतात, अन् ते रचायला तासन्‌तास जातात. मोबाइलच्या धुक्याला तेवढा धीर कुठला?

उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे कृष्णधवल फोटो. तिथे मागचं काही धूसर केलं, तर विषयच हरवेल, कारण माणूस आणि तो ज्यात उतरलाय तो कचरा, दोन्ही तितकेच स्पष्ट दिसायला हवेत.

वर्गाच्या असाइनमेंटसाठी आम्ही पहाटे दादरच्या फुलबाजारात गेलो होतो. वर निळी ताडपत्री असली की तिच्यातून झिरपणारा उजेडही निळा येतो आणि खाली टांगलेल्या बल्बचा पिवळा. कॅमेऱ्याला ‘ऑटो’वर सोडलं तर तो बिचारा दोन्हींच्या मधला काहीतरी मळकट रंग काढतो. बहुतेकांनी झेंडूच्या राशी टिपल्या. छान आल्या, कॅलेंडरवर शोभतील अशा. एका मैत्रिणीच्या फ्रेममध्ये मात्र राशीच्या कडेने दोन पाय बाहेर आले होते. रात्रभर ओझी वाहून हमाल राशीआडच झोपलेला. झेंडू बल्बच्या उजेडात पिवळेधमक, तळवे ताडपत्रीच्या उजेडात निळसर, आणि एका तळव्याला चार पाकळ्या चिकटलेल्या. सरांनी पायांवर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

आता दिवाळीचे फोटो निघतीलच, तर दोन कामाच्या गोष्टी. आकाशकंदील मिट्ट अंधारात टिपू नका. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आभाळाचा निळा उजेड आणि कंदिलाचा उजेड बरोबरीला येतात, तेव्हा कंदिलाचा कागदही दिसतो आणि मागचं आभाळही. पणत्यांच्या फोटोत बराचसा भाग काळा असतो, म्हणून मीटर घाबरून सगळं उजळ करायला जातं आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. ज्योतीवर बोट दाबून एक्स्पोजर खाली ओढा. फ्लॅश तर बंदच.

आणि फुलबाजीच्या उजेडात पोरांचे चेहरे टिपताना जरा मागे सरका. मागच्या उंबऱ्यात कुणीतरी आजी कानात बोटं घालून बसलेली असते, फुलबाजीचा आवाज होत नसला तरी.