ब्रायन मे यांच्या गिटारीचा नाद

क्वीन या इंग्रज बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत गायन क्षणभर थांबलें, कीं एक गिटार गाऊं लागते. तिचा स्वर छेडलेल्या तारेसारखा विझत नाहीं. सारंगीवर गज ओढावा तसा तो लांबत जातो. या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचें शिक्षण पांचगणीस झालें होतें, हें अनेकांस ठाऊक असतें. गिटार मात्र ब्रायन मे यांची. तिचा नाद घरीं उतरावा म्हणून हौशी तरुण पेडलामागून पेडल विकत घेतात, वडिलांचे पैसे खर्चीं पडतात, आणि नाद कांहीं येत नाहीं.

ही गिटार दुकानांतली नव्हे. १९६३ सालीं मे यांनीं व त्यांचे वडील हॅरोल्ड यांनीं ती घरींच बांधावयास घेतली. पुरी होण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. मान जुन्या शेकोटीवरील लांकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पडद्यांमधल्या खुणा शिंपल्याच्या बटनांच्या! तिच्यावरील तीन पिकअप एकामागें एक, म्हणजे सिरीजमध्यें, जोडतां येतात. त्यामुळें मूळ संकेतच जोरकस निघतो. नखीऐवजीं मे सहा पेन्सांचें जुनें नाणें वापरतात. त्याची दातेरी कड तारेस किंचित् खरवडते, आणि स्वराचा आरंभ ठसठशीत होतो.

खरी किल्ली पुढें आहे. आयर्लंडचे गिटारवादक रोरी गॅलाघर यांजकडून मे यांनीं एक जोडणी उचलली: ट्रेबल बूस्टर, आणि त्यापुढें व्हॉक्सचा एसी-३० ॲम्प्लिफायर. बूस्टर म्हणजे लहानशी पेटी; ती खर्ज कमी करते व वरचे स्वर उचलून धरते. ॲम्प्लिफायरचा आवाज मात्र पूर्ण चढविलेला. व्हॉल्व्हांस झेपेल त्याहून मोठी लाट आली, कीं तिचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लाटेंत नवे उपस्वर निर्माण होतात; शिवाय मोठी व लहान लाट जवळजवळ सारख्याच उंचीची निघूं लागल्यामुळें तार विझत असतांहि स्वर टिकून राहिल्यासारखा भासतो. खर्ज अधिक गेला तर मात्र नुसता गदारोळ. म्हणून तो आधींच कमी करावयाचा. कालवलेला चिखल मागाहून निवडतां येत नाहीं. स्वच्छ स्वर हवा असेल तर गिटारीवरची आवाजाची कळ उतरवावयाची, इतकेंच.

पण असा ३० वॅटचा ॲम्प्लिफायर फ्लॅटमध्यें सोसवणार कसा? १०० डेसिबेलच्या आवाजांत दिवसाकाठीं १५ मिनिटांहून अधिक थांबूं नये असा अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब आहे, आणि बंद खोलींत हें यंत्र ती मर्यादा सहज ओलांडतें. गेलेलें श्रवण परत येत नाहीं. ३ वॅटचा घेतला तरी कानांस तो साधारण निम्मा वाटतो, दशांश नव्हे. ॲटेन्युएटर जोडतां येतो. पण तो योग्य ओहमचा हवा, आणि स्पीकर किंवा तसाच भार जोडल्यावांचून व्हॉल्व्हचें यंत्र चालविल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. हल्लीं या ॲम्प्लिफायरची नक्कल करणारीं संगणकीय साधनें मिळतात. हेडफोन हलक्या आवाजावर ठेवून तीं वापरणें शेजाऱ्यांसहि सोयीचें. क्रम तोच ठेवावा: गिटार, बूस्टर, मग ॲम्प्लिफायर. गिटारीची कळ तीनवर ठेवून आरंभ करावा, ती हळूहळू दहापर्यंत चढवावी, आणि स्वर नेमका कोठें फुटूं लागतो तें ऐकावें.