तीन कॅमेऱ्यांचं लग्न : शूटिंगची जुळवणी मंडपातूनच सुरू करा

तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांची धांदल सुरू होते. पूर्वी एका कॅमेऱ्यात अख्खं लग्न निघायचं. आता स्टेजजवळ दोन कॅमेरे, मागे स्टँडवर एक, वर ड्रोन आणि शिवाय मोबाईल. शूटिंग ढीगभर होतं, पण एडिटिंगला बसल्यावर सगळा गुंता. एका कॅमेऱ्यात भटजी 'सावधान' म्हणतायत, तर दुसऱ्यात अक्षता आधीच पडल्यात. मंगलाष्टका काही पुन्हा म्हणता येत नाहीत. उरलेले पैसेही पार्टी व्हिडिओ बघूनच देते. त्यामुळे ही जुळवणी समजून घेणं गरजेचं आहे.

शूटिंगआधी काय करायचं?

सगळ्या कॅमेऱ्यांचं घड्याळ आणि तारीख एकसारखी लावा. फ्रेम रेटही एकच ठेवा. आपल्याकडे बहुतेक जण सेकंदाला २५ फ्रेम ठेवतात. मोबाईल मात्र साधारण ३० वर चालतो आणि तोही मध्येच कमी-जास्त होतो. म्हणून मोबाईलची क्लिप सुरुवातीला जुळते अन् पुढे घसरत जाते. अशी क्लिप आधी 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून कायम फ्रेम रेटची करून घ्यावी.

आवाज हाच धागा

कॅमेऱ्याच्या माईकचा आवाज खराब येतो म्हणून काही जण तो बंदच करतात. तसं करू नका. तो आवाज व्हिडिओत वापरायचा नसला तरी जुळवणी त्याच्यावरच होते. मंगलाष्टकांआधी सगळे कॅमेरे सुरू करून सगळ्यांना दिसेल अशी एक जोरात टाळी वाजवा. त्यानंतर कार्य होईपर्यंत कॅमेरा बंद-चालू करू नका. प्रत्येक वेळी बंद केला की नवी क्लिप तयार होते आणि ती पुन्हा जुळवत बसावी लागते.

'दाविंची रिझॉल्व्ह'च्या मोफत आवृत्तीत आणि 'प्रीमिअर प्रो'मध्ये आवाजाच्या लहरी बघून क्लिपा आपोआप जुळवायची सोय आहे. पण डीजेचा ठेका पुन्हा पुन्हा तोच असल्याने वरातीत सॉफ्टवेअर फसू शकतं. तिथे डोळ्याने तपासणी करावीच.

मागच्या कॅमेऱ्याची वेगळी गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे कॅमेरा स्टेजपासून ३४ मीटरवर असेल तर आवाज तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. आवाज जुळवला तरी चित्रात दोन-तीन फ्रेमचा फरक राहतो. तेवढी क्लिप हाताने सरकवावी. ड्रोनच्या व्हिडिओत बहुधा आवाजच नसतो. त्यामुळे ती दृश्यं मधे-मधे टाकण्यापुरतीच धरावीत.

फोल्डर कसे लावायचे?

तारीख, गाव आणि आडनाव घालून एक मुख्य फोल्डर करा. त्यात कॅमेरा १, कॅमेरा २, मागचा कॅमेरा, मोबाईल, ड्रोन आणि आवाज असे वेगळे फोल्डर ठेवा. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत फायलींची नावं सारखी येऊ शकतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं तर एकीवर दुसरी बसून पहिली कायमची जाते. कार्डातली निवडक फाईल न घेता अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करावं. पाहुण्यांच्या मोबाईलमधल्या क्लिपा केबलने घ्या. व्हॉट्सअॅपवर साध्या व्हिडिओसारख्या मागवल्या तर त्या दाबल्या जाऊन दर्जा उतरतो.

कार्ड फॉरमॅटची घाई नको

लग्नसराईत दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असतं, म्हणून रात्रीच कार्ड रिकामं केलं जातं. नुकसान होतं ते इथेच. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या पहिल्या, मधल्या, शेवटच्या क्लिपा चालवून बघा. मगच कार्ड फॉरमॅट करा. जादा कार्डाला पैसे लागतात खरे, पण गेलेलं लग्न पैसे देऊनही परत मिळत नाही.