मुलाचा कल आणि बापाची हौस

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं पेढे वांटले जातात, आणि ते संपण्यापूर्वींच "आतां पुढें काय?" हा प्रश्न माजघरांत येऊन बसतो. नव्वदांच्या वर गुण असले तर शास्त्र, त्याखालीं वाणिज्य, आणि उरलेल्यांस कला, असा एक अलिखित कायदा आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ झाला आहे. मीं पस्तीस वर्षें शिक्षकाचा पेशा केला. तेव्हां या कायद्याच्या अंमलबजावणींत माझाहि हात आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

त्याची किंमत मला माझ्याच घरांत मोजावी लागली. माझा मुलगा लहानपणापासून हातांत पान्हा घेऊन बसणारा. शेजाऱ्यांची सायकल असो वा आईचें शिवणयंत्र असो, उघडून पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नसे. पण मी पडलों संस्कृत शिकलेला मास्तर! मुलानें डॉक्टर व्हावें, ही माझी हौस. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस तो दोनदां बसला आणि दोन्ही वेळां मागें पडला. शेवटीं एक साधी पदवी पदरांत पाडून घेऊन कचेरींत चिकटला. त्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. मात्र रविवारीं कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलेला असतांना त्याच्या मुद्रेवर जी प्रसन्नता दिसते, ती सोमवारीं दिसत नाहीं, हें मी वीस वर्षें पाहत आलों आहें.

यंदा त्याच्या मुलीला ब्याण्णव टक्के गुण मिळाले, आणि यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेसाठीं तंत्रनिकेतनांत जाण्याचा मानस तिनें बोलून दाखविला. घरांत शांतता पसरली. "एवढे गुण मिळवून डिप्लोमा?" असें विचारणारा पहिला कोण, तर माझा तोच मुलगा! जें मीं पेरलें होतें, तेंच त्याच्या तोंडून उगवत होतें. रात्रीं नात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बाबांना सांगा ना."

काय सांगावें, याचा विचार करतांना मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र आठवलें. १८६९ सालीं जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. रंग नीट ओळखूं येत नाहींत, असा दृष्टिदोष ध्यानांत आल्यावर त्यांनीं रंगकाम सोडून यांत्रिक रेखांकन हातीं घेतलें. पुढें व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिकवूं लागले. तेथें बढती डावलली गेली, तेव्हां नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं सायकलच्या दुकानांत लक्ष घातलें. नंतर लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते, या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. तरीहि त्यांनीं नेट सोडला नाहीं. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकला सुटली, पण रेघ सुटली नाहीं. आपला हात कशांत चालतो हें ज्यास कळलें, त्याची पहिली वाट बंद झाली तरी त्याला दुसरी सांपडते, हा या चरित्राचा बोध होय.

"शास्त्रशाखा घेतली म्हणजे सर्व वाटा मोकळ्या राहतात," हें आईबापांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. बारावी शास्त्र झालेल्यास पुढें कला वा वाणिज्य शाखेंत जातां येतें. कला शाखेंतून मात्र वैद्यकास जातां येत नाहीं. ज्याचें मन ठरलें नाहीं, त्यास हा सल्ला योग्यच. परंतु ज्याचें मन ठरलें आहे, त्याला केवळ वाटा मोकळ्या ठेवण्यासाठीं दोन वर्षें चव्हाट्यावर उभें करणें, हें शहाणपणाचें नव्हे.

शिवाय हिशेब तरी नीट करावा. अकरावी-बारावीचीं २ वर्षें व अभियांत्रिकी पदवीचीं ४, मिळून ६ होतात. पदविकेचीं ३, आणि नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश घेऊन आणखी ३, मिळूनहि ६ च! आय.टी.आय.चे बहुतेक अभ्यासक्रम एक-दोन वर्षांत पुरे होतात, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळें कारखान्यांत शिकतांना विद्यावेतनहि मिळतें. उलट वैद्यकीय पदवीस साडेचार वर्षें अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी लागते. प्रवेशपरीक्षेच्या वाऱ्यांत गेलेलीं वर्षें निराळींच.

म्हणून माझें पालकांस एवढेंच सांगणें आहे. गुणपत्रिका क्षणभर बाजूस ठेवून, कुणीं न सांगतां मूल काय करीत बसतें, तें पाहावें. त्याच्या मनांतील व्यवसाय करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे त्यास आठ दिवस धाडावें, आणि कामाचा कंटाळवाणा भागहि पाहूं द्यावा. त्यानंतर जी इच्छा टिकते, तिला कल म्हणावें. प्रवेश न मिळाल्यास पुन्हां किती वेळां प्रयत्न करावयाचा व दुसरी वाट कोणती, हें आधींच ठरवावें.

नातीला मीं असेंच ओळखीच्या एका लेथच्या कारखान्यांत धाडलें. पहिल्या दिवशीं हात तेलानें माखून आणि पाय दुखावून ती घरीं आली. दुसऱ्या दिवशीं आपण होऊन लवकर उठली. आठवा दिवस झाल्यावर मीं मुलाला जवळ बसवून म्हटलें, "तुझ्या वेळीं मी चुकलों. माझी चूक तूं पुढें चालवूं नकोस." तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. सकाळीं त्यानें अर्जावर सही केली.

ती यशस्वी होईल कीं नाहीं, हें काळ ठरवील. कदाचित् तिचीहि वाट चुकेल. पण ती तिनें स्वतः निवडलेली असेल. आपल्या चुकीवरून माणूस लवकर मागें फिरतो. बापाच्या हौसेवरून मागें फिरणें त्यास फार जड जातें, हें मीं घरांतच पाहिलें आहे.