रिकाम्या खिशांनी सांगितलेली ‘लाखाची गोष्ट’

मराठी मध्यमवर्गीय घरात पैशाविषयी दोनच धडे मिळतात. एक, तो जपून खर्चावा. आणि दुसरा, त्याविषयी चारचौघांत बोलू नये. असे धडे घोकून मोठ्या झालेल्या प्रेक्षकांपुढे १९५२ साली एक बोलपट आला आणि त्याने हसत हसत प्रश्न टाकला, की समजा, लाख रुपये हातात ठेवले, तर ते ठरावीक मुदतीत संपवून दाखवाल का? तो बोलपट म्हणजे राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’.

गोष्ट तशी साधी. तरुण कलावंत आहे, प्रेम आहे, आणि खिसा रिकामा आहे. मुलीचे वडील लक्षाधीश. ते जावयाची परीक्षा घेतात ती मिळकतीची नव्हे, उधळपट्टीची! पैसा मुदतीत उडवण्याची अट ही कल्पना जगाला नवी नव्हती. ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ ही अमेरिकन कादंबरी १९०२ सालीच निघाली होती. पण तिथला नायक वारसा मिळावा म्हणून खर्च करतो. आपला नायक लग्न जुळावे म्हणून करतो. मराठी माणसाच्या लेखी दुसरी निकड अधिक खरी, हे निराळे सांगायला नकोच.

त्या काळचे लाख म्हणजे किती, याचा अंदाज आजच्या वाचकाला यायचा नाही. सोन्याचा तोळा तेव्हा शंभर रुपयांच्या आत मिळत होता. म्हणजे नायकाच्या हाती हजाराहून अधिक तोळे सोने आले म्हणा ना! कारकुनी पगारात महिन्याची दोन टोके जुळवणारा प्रेक्षक ही रक्कम पडद्यावर उडताना पाहून खुर्चीत चुळबुळत असेल, आणि तितक्याच जोराने हसतही असेल.

पण या बोलपटाची खरी गंमत पडद्यामागे आहे. लाखाचा हा खेळ ज्यांनी मांडला, त्यांतल्या बहुतेकांनी उमेदीच्या वर्षांत रुपयाही मोजून खर्चला होता.

नायक राजा गोसावी यांचेच पाहा. मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’मध्ये ते शिरले ते हरकाम्या म्हणून. मग सुतारखाते झाले, रंगभूषा झाली, प्रकाशयोजनेचे खाते झाले. पुढे तोंडाला रंग लागला, पण पोटाची विवंचना सुटली नाही. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ते तिकीटविक्रीच्या खिडकीवर बसत. त्याच भानुविलासमध्ये ‘लाखाची गोष्ट’ लागला, आणि पडद्यावर लाख रुपये उधळणारा नायक खिडकीत बसून स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे फाडून देऊ लागला! एखाद्या लेखकाने हा प्रसंग रचला असता, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो.

दिग्दर्शक राजा परांजपे मूळचे मिरजेचे. मूकपटांच्या जमान्यात पडद्यासमोर बसून ऑर्गन वाजवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. या बोलपटात त्यांनी दिग्दर्शनाबरोबर भूमिकाही केली. लेखणी ग. दि. माडगूळकरांची. मॅट्रिकचे कुंपण न ओलांडलेला हा शेटफळ्याचा मुलगा पोटासाठी कोल्हापुरास आला. विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) त्याला छोटीशी भूमिका मिळाली आणि वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणूनही त्याने काम केले. संगीत सुधीर फडक्यांचे. त्यांनी तर उमेदीची वर्षे गावोगाव भटकत, कित्येकदा उपाशीपोटी काढली होती. १९४६ साली ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’ने त्यांना चित्रपटात स्थिर पाऊल टाकता आले.

या तिघांना भुकेची ओळख होती, म्हणूनच त्यांच्या विनोदात गरिबाची टर नाही. हसू येते ते पैशाच्या रुबाबाचे. आणि विनोदाला गाण्याची अशी जोड मिळाली, की आशा भोसले आणि मालती पांडे यांच्या स्वरांतली यातली गीते चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात. तीन वर्षांनी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, ते याच गदिमा-फडके जोडीचे.

नायिका दोन, आणि दोघी सख्ख्या बहिणी. कुसुम आणि कुमुद सुखठणकर या बोलपटातून ‘चित्रा’ आणि ‘रेखा’ झाल्या. ही नावे गदिमांनीच ठेवली. पुढे चित्राबाईंनी ‘आह’चे (१९५३) दिग्दर्शक राजा नवाथे यांच्याशी विवाह केला, तर रेखाबाईंनी पटकथाकार ग. रा. कामत यांच्याशी. पडद्यावरच्या प्रेमकथेतून निघून दोघी चित्रसृष्टीतल्याच संसारात रमल्या आणि उतारवयापर्यंत अभिनय करीत राहिल्या. रेखाबाई २०२२ साली गेल्या, चित्राबाई २०२३ साली.

आता कुणी म्हणेल, इतक्या जुन्या प्रेमकथेचे आज काय? मी राहतो त्या कुंभवलीच्या आसपास, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत, दूरदूरच्या जिल्ह्यांतून तरुण मुले नोकरीला येतात. त्यांची लग्ने जुळवताना पहिला प्रश्न आजही पगाराचाच असतो, आणि दुसरा, मुंबईकडे स्वतःची जागा आहे का, हा! माझ्या वर्गातली मुले-मुली या प्रश्नांना मनातून भितात, हे मला दिसते. मुलीच्या बापाची काळजी खोटी नसते. पण माणूस काय मोलाचा, हे नुसत्या आकड्यावरून कळते, हा समज खोटा असतो. ‘लाखाची गोष्ट’ने हाच समज अलगद उलटा करून दाखवला. पैसा कमावण्यात माणसाची परीक्षा होते तशी तो सोडून देण्यातही होते.

राजा गोसावींनी आयुष्यभर हीच परीक्षा दिली. चित्रपट झाले, नाटके झाली, नाव झाले. तरी रंगपटाची ओढ सुटली नाही. १९९८ साली नाटकाच्या प्रयोगासाठी तयार होत असताना रंगपटातच त्यांनी देह ठेवला. भानुविलासच्या खिडकीत बसून त्यांनी किती तिकिटे विकली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्या तिकिटावर आत गेलेली माणसे मात्र घरी जाताना लाखाचे समाधान घेऊन गेली असतील.