उतारावरची बाग : आधी दगड, मग रोप

बालाघाटाच्या रांगेतले अहमदपूर-जळकोट असो, मुखेड-कंधारचे माळ असोत, की माहूरच्या गडाभोवतीचे डोंगर. उतारावर घर बांधले की बागेची सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. जेसीबी लावून जागा सपाट करायची, खालच्या बाजूला सिमेंटची उंच भिंत घालायची, वर काळी माती आणून पसरायची, हिरवळ लावायची आणि कोपऱ्यात बोअर घ्यायचे. दोन-तीन उन्हाळ्यांत बोअर आटते आणि बाग टँकरवर येते. मग दोष दुष्काळाला दिला जातो. खरे तर चूक कामाच्या क्रमात असते. उतारावर पाऊस कमी पडतो असे नाही, त्याचे पाणी थांबत नाही. म्हणून अशा बागेत पैसा आणि डोके आधी दगड-मातीच्या कामावर खर्च व्हायला हवे, रोपांचा विचार त्यानंतर.

हिशेब मांडला की हे पटते. लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो; माहूर-किनवटकडे तो बराच जास्त असतो. सातशे मिलिमीटर धरले आणि १०० चौरस मीटरच्या छतावरून ८० टक्के पाणी हाती लागले, तरी ते ५६ हजार लिटर होते. आता खर्चाची बाजू पाहू. मे महिन्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज निदान पाच लिटर पाणी लागते. ५० चौरस मीटरच्या तुकड्याला ते २५० लिटर झाले. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे हा छोटा तुकडा चार माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी पितो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. असे दोन हजार हिरवळीचे तुकडे तेवढे पाणी एका दिवसात संपवतील. ज्या शहराने ते दिवस पाहिले, तिथे हिरवळीला हौस म्हणून सोडून देता येत नाही.

पाणी थांबवायचे कसे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या पाणलोट कामांनी कधीच दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड डोंगरजमीन घेतली आणि तिथे बांधबंदिस्ती व पाणी साठवण्याची कामे करून ती पिकवून दाखवली. त्यामागचे ‘माथा ते पायथा’ हे सूत्र दहा गुंठ्यांनाही तेवढेच लागू पडते. आवाराच्या सर्वांत उंच कडेपासून सुरुवात करायची. गवंड्याच्या पारदर्शक नळीने समपातळीच्या रेषा आखायच्या आणि त्या रेषांवर जागच्याच काळ्या दगडांच्या, गुडघा-मांडीएवढ्या उंचीच्या ताली रचायच्या. ताल सिमेंटशिवाय रचली की पाणी दगडांतून झिरपते आणि माती मागे अडते. सिमेंटच्या भिंतीला पाणी जायला भोके नसतील, तर मागे साचलेल्या पाण्याचा रेटा तिलाच ढकलतो. तालीच्या वरच्या अंगाला वाळा लावला, की त्याची खोल जाणारी मुळे मुरूम धरून ठेवतात. छताची टाकी बागेच्या वर ठेवता आली, तर मोटारही लागत नाही. उताराचा हा फायदा सपाट जागेला मिळत नाही.

पाणी डोंगरात मुरवले तर डोंगरच खाली येईल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. तिथल्यासारखा धुवांधार पाऊस आणि जाड, मऊ माती इथल्या बहुतेक उतारांवर नसते. तरीही धडा घ्यावाच. तीव्र उतारावर खोल चर खणून पाणी कोंडू नये; त्याचा वेग मोडावा आणि जास्तीचे पाणी दगडी सांडव्याने टप्प्याटप्प्याने खाली सोडावे. घराच्या पायाभोवतीची दोन-तीन मीटर जागा कोरडी ठेवावी, कारण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्यात भिंती तडकतात. दुसरा धडा लातूर जिल्ह्याचा स्वतःचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनीच हजारो माणसे गाडली. म्हणून ताल बुटकी, बुडाशी रुंद आणि डोंगराकडे कललेली हवी, घराला चिकटलेली नको. मीटरभराहून उंच भिंत लागणार असेल, तर अभियंत्याला विचारल्याशिवाय दगड हलवू नये.

ठिबक बसवले की एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. ठिबक पाणी जपून वापरते, पण तयार करत नाही. बोअर आटले की नळ्याही कोरड्या. शिवाय दहा मीटर उतरले की नळीतला दाब चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोने वाढतो, त्यामुळे वरची झाडे तहानलेली आणि खालची चिंब, असे होते. नळ्या समपातळीत फिरवल्या तर हा दोष बराच कमी होतो, म्हणजे ठिबकलाही आधी त्या ताली लागतातच. कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची बाग भकास दिसते, या तक्रारीत अर्धे तथ्य आहे. उन्हाळ्यात ती सगळी हिरवी राहणार नाही. पण पळस पानगळीतच फुलतो आणि बहावा ऐन उन्हात. सीताफळ बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर आपसूक येते आणि शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वरच्या टप्प्यात मारवेल, कोरफड, घायपात. मधल्यात सीताफळ, बोर, आपटा. खाली जिथे माती आणि ओल जमते तिथे लिंबू, शेवगा, मोगरा, अशी वाटणी पाण्याच्या हिशेबाने होते. हिरवळच हवी असेल, तर ती ओट्यासमोर सतरंजीएवढी, धुण्याच्या पाण्यावर भागेल इतकीच ठेवावी.

राहिला खर्च. ताली रचायला मजुरी लागते, हे खरे. पण ती एकदाच द्यावी लागते, टँकरचे पैसे दर उन्हाळ्यात जातात. हे काम मृगाच्या आधी उरकावे आणि पहिल्या पावसाळ्यात फक्त गवत लावून पाणी कुठून धावते, कुठे मुरते ते पाहावे. झाडे दुसऱ्या वर्षी. तोवर कोणाला बाग दिसली नाही तरी बिघडत नाही. जुलैतल्या मोठ्या सरीनंतर आवाराबाहेर जाणारे पाणी थोडे आणि नितळ असेल, तर माती जागेवर राहिली असे समजावे. ते गढूळ असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी पुन्हा दगडांकडे वळावे.