राजा चालत निघाला

पत्राने खेळली गेलेली पाचवी जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा १९६५ ते १९६८ अशी चालली. तिच्यातला एक डाव आजही पुन्हा मांडून बघावासा वाटतो. पांढरी मोहरी मॉस्कोच्या याकोव्ह एस्ट्रिन यांची, काळी अमेरिकेच्या हान्स बर्लिनर यांची. सुरुवात झाली ती टू नाइट्स डिफेन्सने, म्हणजे एस्ट्रिन यांच्या खास अभ्यासाच्या विषयाने. बर्लिनर जाणूनबुजून त्याच रानात शिरले.

दहाव्या खेळीला काळ्याचा घोडा आणि उंट, दोघेही प्याद्यांच्या तोंडी होते. बर्लिनर यांनी दोघांना तिथेच ठेवलं आणि राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं! एस्ट्रिन यांनी घोडा मारला, पाठोपाठ उंटाने शह दिला. काळा राजा किल्लेकोट न करताच डी-८ वर गेला. एक मोहरा कमी, राजा उघडा, तरी पुढाकार काळ्याकडे. थोड्याच खेळ्यांत पांढऱ्याचा हत्ती पडला आणि काळ्या वजिराचा शह बसला.

डावाचं कौतुक बहुधा इथेच संपतं. मला मात्र खरा डाव अठ्ठाविसाव्या खेळीनंतर दिसतो. वजीर गेले, एकेक हत्ती उरला, काळ्याची चार प्यादी, पांढऱ्याची तीन. हत्तींच्या शेवटात एका प्याद्याची आघाडी हातातून सहज निसटते. बर्लिनर यांनी तर एक प्यादं देऊनही टाकलं, कारण त्यांना वेळ हवा होता. सोळा खेळ्या डी-८ वर थांबलेला राजा आता चालत निघाला: ई-७, डी-६, ई-५, डी-४, वाटेतलं डी-३ वरचं प्यादं टिपून थेट सी-२. हल्ल्याच्या धांदलीत ज्याची काळजी वाटत होती, तोच आता आपल्या बी-प्याद्याला वाट करून देत होता. बेचाळिसाव्या खेळीला ते बी-३ वर पोचलं आणि एस्ट्रिन यांनी डाव सोडला.

बर्लिनर यांनी सोळा डावांत चौदा गुण मिळवून विजेतेपद घेतलं. एस्ट्रिनही पुढे सातव्या स्पर्धेत जगज्जेते झाले. बर्लिनर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याच्या कामात रमले. ‘हायटेक’ हे यंत्र त्यांचंच. पण टू नाइट्स या सुरुवातीचा नाद सुटला नाही. १९९०च्या दशकाअखेरही ते तिच्यावर लिहीत होते. चौदाव्या खेळीला एस्ट्रिन यांनी प्यादं हत्तीने मारण्याऐवजी वजीर बी-३ वर काढला असता तर काय, हा प्रश्न अभ्यासक अजून पटावर मांडतात.